सातवं रीळ

समीक्षकबाईंच्या सदराचा खाक्या ठरलेला होता: आधी सिनेमाची जमेची बाजू, मग लंगडी बाजू, आणि चार दिवसांनी वाचकांच्या शिव्या. या आठवड्यात मात्र बाई आधीच विरघळल्या होत्या. लहानपणी पाहिलेला, उडणाऱ्या कुटुंबाचा सिनेमा धुऊनपुसून पुन्हा आला होता.

‘समीक्षकबाई’ हे नाव वडिलांनी ठेवलेलं. ते थिएटरात सिनेमाचं मशीन चालवणारे ऑपरेटर होते. तिची आई जाऊन दीड महिना झाला तेव्हा त्यांनी नऊ वर्षांच्या लेकीला हा सिनेमा दाखवला. घरी येताना तिने सायकलच्या दांडीवरूनच निकाल दिला. चौघंही आभाळात उडतात, पण घरी दिवा कुणी मालवायचा यावरून भांडतात, हे झकास. पोराचा झगा आईने शिवलेला आणि काखेत उसवलेला, तेही झकास. पण खलनायक एवढा दांडगा आणि एकदम मेलेलाच? कसा मेला ते दाखवायला नको? वडील नुसतं “हं, हं” करत राहिले.

पुढे तीस वर्षं तिने या सिनेमासाठी भल्याभल्यांशी भांडणं केली. खरं सांगायचं तर, त्या वर्षी निदान एका घरात तरी सगळे परत आले, म्हणून तो तिला प्यारा होता.

मधल्या काळात तो कुठे बघायलाच मिळाला नव्हता. आज दुपारी तिने लॅपटॉपवर तो पुन्हा लावला आणि खलनायक चांगला दहा मिनिटं मेला. आईच त्याला कवटाळून आगीत शिरली आणि बाहेर आली नाही. मग तिच्या आवडीचा शेवट आला: टेबलावर ताटं चार, माणसं तीन. आई आत असेल, वाढून आणत असेल, असं त्या नऊ वर्षांच्या पोरीने ठरवून टाकलं होतं.

वडील पुढच्या खोलीत पेपर वाचत होते.

“बाबा, त्या दिवशी तुम्ही एक रीळ लावलंच नाहीत.”

“राहिलं असेल चुकून.”

“तुमच्या हातून? लोक तुमच्या खेळावर घड्याळ लावायचे!”

त्यांनी पेपराची घडी घातली. “डब्यातच ठेवलं सातवं. पब्लिकने खुर्च्या आपटल्या, मालकाने माझी बिनपाण्याने केली. पण तू हसत बाहेर आलीस. दीड महिन्यांत पहिल्यांदा.”

तिला रागही आला आणि रडूही. “आणि मी तीस वर्षं दिग्दर्शकाला नावं ठेवतेय!”

“ठेव की. त्याला काय कळतंय?”

ती हसली, डोळे पुसले आणि लॅपटॉप उचलून आणला. “चला, तेवढा भाग आता दोघं मिळून बघू.”

“नको गं. तीन आठवडे चालला तो, रोज तीन खेळ. तुझा एक सोडला तर बासष्ट वेळा बघितलंय मी ते रीळ. पब्लिक डोळे मिटू शकतं. ऑपरेटरला मान फिरवता येत नाही. रीळ संपताना पडद्याच्या कोपऱ्यात ठिपका येतो, त्यावर पुढचं रीळ चढवलेलं दुसरं मशीन चालू करायचं असतं. तो दिसेपर्यंत बघतच राहावं लागतं.”