दोन बोटं खाली

वर्लन माझ्या मावशीचा नवरा, म्हणून मी त्याला काका म्हणते. तो मला चिमटेवाली म्हणतो. गिटारच्या गळ्याला चिमटा लावला की पट्टी वर चढते आणि बोटं मात्र सोप्या जागीच राहतात. आमच्या केंटकीच्या डोंगरात निम्मे लोक असंच वाजवतात, पण काकाच्या लेखी ती चोरी. मुलीने केली तर दरोडा.

गावाबाहेर तंबाखू वाळवायचं जुनं कोठार आहे. दर शनिवारी तिथे नाच असतो आणि बावीस वर्षं वाजवणाऱ्यांचा म्होरक्या काकाच आहे. मार्चमध्ये त्यांचा गिटारवाला लेकीकडे ओहायोला राहायला गेला आणि खुर्ची रिकामी झाली. मला ती खुर्ची हवी होती. काका म्हणाला, मुलींनी माइक धरावा, फार तर खंजिरी. असं त्याने पाच महिने टाळलं. शेवटी आमच्या गायिकेने, मिस ओव्हाने, त्याला बजावलं की पोरीला एकदा बसवून बघ, नाहीतर शनिवारी तूच गा.

गुरुवारी शाळा सुटल्यावर मी कोठारावर गेले. काकाने हात पुढे केला. मी मिळवायला गेले, तर त्याला चिमटा हवा होता. गिटारचा चिमटा मी केसांनाच अडकवून ठेवते, तो काढून दिला. त्याने तो कॉफीच्या डब्यात टाकला. त्या डब्यात तो तंबाखू थुंकतो.

आमच्याकडे कागदावर कॉर्डची नावं नसतात, आकडे असतात. पट्टीचा पहिला सूर म्हणजे एक, तिथून मोजत चार, पाच. पट्टी बदलली तरी आकडे तेच राहतात, बोटांचे मात्र हाल होतात. पट्टी काका बोटांनी दाखवतो. बोटं वर असली तर ठीक. खाली असली तर जितकी बोटं जास्त तितकी पट्टी अवघड, पहिल्या बोटाने सहाही तारा दाबून धरा आणि देवाचं नाव घ्या.

त्याने दोन बोटं खाली केली. मी वाजवलं. पुढच्या गाण्याला तीन. तेही वाजवलं. मनगट जळत होतं, पण चेहऱ्यावर मी काही दिसू दिलं नाही. बासवाला हॉइट माझ्याकडे बघून हसला, तेव्हा काकाने त्याला विचारलं, दात दुखतायत का.

मग त्याने स्वतःच्या हाताने लिहिलेला एक कागद माझ्यापुढे ठेवला. 'फाटकापाशी दिवा'. माझ्या जन्माआधी गाजलेलं गाणं, पण इथलं शेंबडं पोरही ते म्हणतं.

"कागदावर आहे तेच वाजवायचं," तो म्हणाला. "स्वतःची अक्कल लावलीस तर ऊठ आणि घरी जा."

धृपदाच्या तिसऱ्या ओळीत दोन आकडा असतो. कागदावर चार होता. मी तो पाहिला तेव्हा धृपद सुरू झालंच होतं. दोन वाजवला तर अक्कल लावली. चार वाजवला तर गाणं मोडलं.

मी चार वाजवला. पूर्ण ताकदीने, सहाही तारा.

बाकीचे आठवणीतून वाजवत होते, त्यांचा दोन आणि माझा चार एकमेकांवर आदळले. मिस ओव्हा गाताना थांबली.

"ऐकलंस ना, ओव्हा," काका म्हणाला. "पाळण्यातल्या पोरांना येतं ते हिला येत नाही."

मी कागद मिस ओव्हाच्या हातात दिला. तिने चष्मा लावून तो वाचला.

"वर्लन, हा चार कुणी लिहिला?"

"घाईत झालं असेल."

"बावीस वर्षं माझ्यामागे हे गाणं वाजवतोयस. आज कसली घाई?"

हॉइट आपल्या बुटांकडे बघत राहिला.

"काका," मी म्हणाले, "आता कागदाशिवाय वाजवते. पट्टी तूच सांग."

त्याने चार बोटं खाली केली. माझ्या हाताला गोळे आले, पण तिसऱ्या ओळीत दोन बरोबर पडला आणि मिस ओव्हाने गाणं शेवटपर्यंत नेलं.

काकाने हो म्हटलं नाही. "शनिवारी पाचला," एवढंच म्हणाला. "सगळ्या गाण्यांना बोटं खालीच दाखवीन."

"दाखव की."

त्याने पायाने डबा माझ्याकडे सरकवला. "तुझा चिमटा."

"राहू दे तुलाच," मी म्हणाले. "केसांना मी दुसरं काहीतरी लावेन."