मिठागराचं पदक

बोनकोड्यात संगीत नाटकातल्या नायकाला पदक मिळायचं, आणि ते कुणाला द्यायचं हे ठरवायच्या आम्ही बायका. आता कुणाला सांगितलं तर खोटं वाटतं. पण आमच्या गावात कुणा परीक्षकाला खुर्चीवर बसवलं असतं तर तो धडधाकट घरी परतला नसता, इतके आमचे लोक गुणी!

माझी सासू तरुण होती तेव्हाची गोष्ट. देवीच्या जत्रेला गावातल्या दोन आळ्यांनी दोन नाटकं केली, आणि कुठला नायक चांगला गायला यावरून हाणामारी व्हायची वेळ आली. मिठागराच्या मालकानं चांदीचं पदक करून आणलं होतं, पण कुणाच्या गळ्यात घालावं त्याला कळेना. दुसऱ्या दिवशी सकाळी तो मिठागरावर आला, तर मिठाच्या पाट्या वाहणाऱ्या सगळ्या बायका एकच पद म्हणत होत्या. तो म्हणाला, "झाला निकाल." तेव्हापासून तीच रीत पडली. जत्रा झाली की बायका ज्याचं पद म्हणत पाट्या वाहतील, त्याला पदक. ते वर्षभर त्याच्या घरी राहायचं, आणि पुढच्या नायकाच्या गळ्यात त्यानंच आपल्या हातानं घालायचं.

अट एकच होती, घरचं तोंड धरायचं नाही. नायकाची आई, बहीण, बायको गायली तर ते गाणं हिशेबात नाही. वर टोमणे खायचे ते वेगळेच. आमच्यावर देखरेख करणारी जाईबाई भारी फटकळ. एखादीनं नुसता सूर लावला की ओरडायची, "नवऱ्याचा पद नवऱ्याच्या कानात म्हन गो, हितं नको!"

मी आमच्या ह्यांच्या आवाजावर भाळूनच या गावात आले. त्यात लाजायचं काय? पण हे आमच्या आळीचे नायक, त्यामुळे माझं तोंड कायमचं बंद. मिठागरावर चुकून ओठांवर येऊ नये म्हणून मी चुलीपुढेसुद्धा त्यांचं पद गुणगुणत नसे. पदक मात्र दर वर्षी दुसऱ्या आळीच्या वामनभाऊजींकडेच राहायचं. त्यांचा आवाज खणखणीत, ह्यांचा खालचा आणि जरा ओलसर. डोक्यावर पाटी असली की खणखणीतच सुचतं, असं मी समजूत घालायची. हे म्हणायचे, "बायकांना राजा नको, बँडवाला पायजे."

त्र्याहत्तरच्या जत्रेत मात्र ह्यांनी कमाल केली. वनवासाला निघालेल्या राजाचं काम होतं. राणीचा निरोप घेताना पद होतं, 'दार नको लोटू सखे, येईन मी माघारी.' राणी झालेला सिताराम, मिशी काढून लुगडं नेसलेला गडी, तोसुद्धा खराखुरा रडला. वन्स मोअरवर वन्स मोअर. माझ्या शेजारी वामनभाऊजींची बायको मालतीबाई बसली होती, तिनं पदर तोंडात कोंबला होता. मला तर वाटलं, पदक आता घरातच आलं.

सकाळी मी सगळ्यांच्या आधी मिठागरावर पोचले. तिथं मोजणीची माणसं साखळ्या घेऊन उतरली होती. नवं शहर यायचं होतं, मिठागर त्यात गेलं होतं, आणि काम त्या दिवसापासून बंद. जाईबाई बांधावर बसून होती. बायका आल्या, पाट्या उपड्या घालून त्यांच्यावरच बसल्या. पाट्या वाहायच्याच नव्हत्या, मग गाणार कोण? जरा वेळानं हेही आले आणि लांब उभे राहून ऐकत राहिले. नंतर घरी गेले.

नाटकं तिथंच संपली. पुढच्या जत्रेला ऑर्केस्ट्रा आला. वामनभाऊजींनी पदक खुंटीला टांगलं ते परत गळ्यात घातलं नाही. "निकाल लागला नाय," म्हणायचे, "ता माजा पन नाय, पंढरीचा पन नाय." पंढरी म्हणजे आमचे हे. हे जवळच्या पावणे गावात रंगाच्या कारखान्यात लागले, आणि त्या वाफेत ह्यांचा आवाज गेला. घसा बसला तो बसलाच. आता बोलले तर शेजारच्यालाही ऐकू जात नाही.

मला ते पद एकदा, फक्त एकदा, तोंडभरून म्हणायचं होतं. त्याची फार ओढ होती. म्हटलं असतं तर मला कुणी फासावर देणार नव्हतं. पण निकाल बाकी होता, आणि घरचं तोंड मध्येच उघडलं तर सगळं बाटलं असतं. मिठागर गेलं आणि ही बाई अट पाळत बसली, म्हणून हसा खुशाल. मी बारा वर्षं पाळली.

पंच्याऐंशी साली मिठागरावरच्या आम्ही बऱ्याच जणी पावण्याच्या एका औषधाच्या कारखान्यात बाटल्यांना लेबलं लावायचो. म्हातारी जाईबाईही झाकणं निवडायला यायची. मशीनच्या आवाजात आपलंच बोलणं आपल्याला ऐकू येत नसे. एका दुपारी लाईट गेली आणि मशीन थांबलं. हात आपले चालूच होते. इतकी शांतता आम्ही विसरूनच गेलो होतो. आणि समोर बसलेली मालतीबाई, मान खाली घालून, स्वतःशीच म्हणायला लागली, 'दार नको लोटू सखे...'

शेजारणीनं सूर धरला, मग पलीकडच्या दोघींनी, मग सगळ्या रांगेनं. मी ओठ उघडणार तोच जाईबाईनं बोट वर केलं. "विमल, तू गप रव!"

मी दातांखाली ओठ धरला. डोळ्यांतलं पाणी लेबलांवर पडत होतं, पडू दिलं. पद पुरं झालं तेव्हा जाईबाई म्हणाली, "झाला निकाल." मग लाईट आली आणि मशीन सुरू झालं.

संध्याकाळी वामनभाऊजी धुतलेला सदरा घालून आमच्या ओट्यावर आले. हातात पदक, चिंचेनं घासून लखलखीत केलेलं.

"पंढरी, मान खाली कर."

ह्यांनी खुणेनंच विचारलं, कोण गायलं?

"माजीच बायको," भाऊजी म्हणाले, आणि हसता हसता त्यांना रडू आलं.

ह्यांनी मान खाली केली. पदक गळ्यात पडलं. भाऊजी गेल्यावर हे आत आले, चुलीजवळ माझ्यासमोर बसले आणि खरखरत्या घशानं म्हणाले, "आता तू म्हन."

"मना सूर नाय."

"मना तरी कुठं रायलाय?"

मी म्हटलं. फाटक्या आवाजात, जिथं चुकले तिथं चुकून, पण तोंडभरून म्हटलं. हे गुडघ्यावर ताल धरून, डोळे मिटून ऐकत होते. पद संपलं तरी डोळे उघडेनात. मग ओठ हलले, आणि मी कान जवळ नेला तेव्हा ऐकू आलं.

"वन्स मोअर."