तिला सिमेंट चालेल

जवरीलाल शेठनी चाळीस वर्षं जळगावात सिमेंट विकलं, आणि त्यांच्याच गुडघ्यात सिमेंट भरायची वेळ आली तेव्हा डॉक्टरांवर खेकसले, "माझ्या पायात ही घाण नको."

मी तिथेच उभी होते. मी नूतन, नशिराबादची. गुडघे बदललेल्या म्हाताऱ्यांना पुन्हा चालायला शिकवते. लोक म्हणतात, पुण्याचं काम. कसलं डोंबलाचं पुण्य! दिवसभर शिव्या खायच्या.

शेठ अठ्ठ्याहत्तरचे, त्यांच्या पत्नी पानबाई एकाहत्तरच्या. गुडघे दोघांचेही गेलेले. डॉक्टर समजावत होते, "नवा सांधा हाडावर दोन प्रकारे बसतो. सिमेंट लावलं की दहा-पंधरा मिनिटांत घट्ट होतो, माणूस दुसऱ्या दिवशी उभा राहतो. सिमेंट नसलं तर हाड हळूहळू सांध्यात वाढतं आणि त्याला धरतं. पण त्याला हाड दमदार लागतं. शेठ, तुमचं ठिसूळ झालंय. दोघांनाही सिमेंटच बरं. आणि हे सिमेंट वेगळं असतं, तुमच्या गोणीतलं नाही."

"सिमेंट ते सिमेंट," शेठ म्हणाले. "पावसात गोठलेला माल फोडून, चाळून, नव्या गोण्यांत भरून विकलाय मी. मला शिकवता?"

हे सांगताना त्यांची छाती फुगली होती. मग शेजारी बसलेल्या बायकोकडे न बघता म्हणाले, "तिला लावा. तिला सिमेंट चालेल. तिला कितीसं चालायचंय? स्वयंपाकघर ते जैन स्थानक."

बाहेर आल्यावर पानबाईंनी माझा हात धरला. त्यांचं माहेर शिरपूरचं, त्यामुळे माझ्याशी खानदेशीतच बोलायच्या. "नूतन, माले मेहरूणना तलावले एक फेरी मारनी शे. एकच. मना पायवर."

का, ते मला माहीत होतं. शेठच चारचौघांत हसत हसत सांगायचे. आठ वर्षांपूर्वी ते रोज सकाळी तलावाभोवती फिरायचे. एकदा पानबाई हट्टाने मागे निघाल्या आणि अर्ध्यात गुडघा अडला. "बस इथं, मी फेरी मारून येतो," म्हणून शेठ गेले. फेरी मारली, मित्रांबरोबर चहा घेतला आणि गाडीत बसून थेट दुकान गाठलं. विसरलो, म्हणे! दुपारी बारापर्यंत ही बाई उन्हात बाकावर बसून होती.

पानबाईंचा गुडघा जळगावात झाला, सिमेंट लावून. शेठना डॉक्टरांनी सिमेंटशिवाय करायला साफ नकार दिला. मग शेठनी धुळ्यात तयार होणारा डॉक्टर शोधला. त्यानेही बजावून पाठवलं होतं, सहा आठवडे वॉकर, पायावर अर्धाच भार.

घरी दोघांनाही मीच चालवायची. पानबाई दुसऱ्या दिवशी उभ्या राहिलेल्या, तिसऱ्या आठवड्यात काठी टेकत ओसरीत फिरायला लागल्या. ते शेठना बघवेना. स्वतःच्या ऑपरेशननंतर पंधराव्याच दिवशी त्यांनी वॉकर भिरकावला. "सिमेंटवाली बाई माझ्यापुढे चालणार?" मी घसा फोडून ओरडले. ऐकतील ते शेठ कसले!

तिसऱ्या महिन्यात पाय वाकडा झाला. एक्स-रेत सांध्याची खालची पट्टी ठिसूळ हाडात रुतून तिरकी झालेली दिसली. मला वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं, खोटं कशाला बोलू?

पुन्हा जळगावचे तेच डॉक्टर, तीच खोली. "हे काढून नवं बसवता येईल," ते म्हणाले. "या वेळी सिमेंट लावूनच."

"लावा," शेठनी हात जोडले. "कुठलंही लावा. मला चालू द्या."

"पण तुमचं हृदय कमजोर आहे. नंतरचे तीन महिने रात्रंदिवस बघणारं घरचं माणूस नसेल, तर मी तुम्हाला टेबलावर घेणार नाही." डॉक्टर पानबाईंकडे वळले. "तुम्ही बघाल ना?"

मुलगा सुरतेला. 'आई आहे ना तिथे,' असं त्याने फोनवर सांगून टाकलं होतं. शेठनी मान वळवली आणि बायकोच्या तोंडाकडे बघत राहिले. इतक्या महिन्यांत मी त्यांना असं बघताना कधी पाहिलं नव्हतं.

पानबाईंनी पदर नीट केला. "यांना कितीसं चालायचंय, डॉक्टर? पलंग ते संडास. एक चाकाची खुर्ची लिहून द्या."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. दिवसा मी येते, रात्रीला बाई ठेवू, एवढं म्हणायला माझं काही जात नव्हतं. मी फरशीकडे बघत राहिले.

खुर्ची आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही शेठना मेहरूणला नेलं. तलावाकाठी तो बाक अजून तिथेच होता. पानबाईंनी खुर्ची त्याच्याशेजारी लावली, चाकं अडकवली आणि म्हणाल्या, "बसा इथं. मी फेरी मारून येते."

मी त्यांच्याबरोबर चालले. दोनदा थांबल्या, माझा हात मात्र घेतला नाही. पुरी फेरी झाली तेव्हा बाई घामाने निथळत होत्या आणि चेहरा असा उजळला होता की मलाच रडू फुटलं. पुढे बाकाजवळून शेठ हात हलवत होते, काहीतरी ओरडत होते.

"चाल, चहा पिऊत," पानबाई म्हणाल्या, आणि त्यांनी रिक्षाला हात केला.

"आणि शेठ?"

"बसू दे. बारा वाजनात का त्यास्ले घर लई जाऊत."

रिक्षात बसताना मी घड्याळ पाहिलं. पावणेनऊ झाले होते.