साबणाच्या वडीएवढी सवत

मित्रांनो, मी एक जुना स्मार्टफोन आहे. जुना म्हणजे सहा वर्षांचा. माणसांत सहा वर्षांचे पोर पडलेले दात दाखवत हिंडते, पण आमच्यात सहाव्या वर्षी म्हातारपण येते. माझ्या काचेच्या एका कोपऱ्याला तडा आहे, पाठीचा रंग उडाला आहे आणि फार राबवले की दुपारीच माझा जीव संपत येतो. पण आधीच सांगून ठेवतो, मी स्वभावाने चांगला नाही. मी जळका आहे. गोष्ट ऐकताना तेवढे ध्यानात असू द्या, म्हणजे मी कुठे खोटे बोलतो ते तुम्हाला ओळखता येईल.

माझा जन्म एका मोठ्या, थंडगार कारखान्यात झाला. पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायका तिथे ओळीने बसल्या होत्या. एकीने माझ्या पोटात बॅटरी बसवली, दुसरीने केसाहून बारीक तारा जोडल्या, तिसरीने वरून काच चिकटवली. शेवटी एका बाईने मला दिव्यासमोर तिरपे धरून बराच वेळ पाहिले, कुठे ओरखडा नाही ना म्हणून. कोणी आपल्याकडे इतके निरखून पाहावे हे मला फार आवडले. माझी सवय तिथेच बिघडली असावी.

मग मी एका चष्मेवाल्याच्या हाती आलो. माझ्या मालकांचे दुकान लहान होते. समोर काचेचा काउंटर, मागे भिंतभर फ्रेमा, कोपऱ्यात काचा घासायचे यंत्र आणि आतल्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता. वरचे अक्षर थोरले, खालच्या ओळी बारीक बारीक होत गेलेल्या. मालक दिवसभर लोकांना विचारत, "आता बरं दिसतं की मघाशी बरं दिसत होतं?" कितीही वेळ लागो, माणूस हो म्हणेपर्यंत ते काचा बदलत राहायचे. म्हणून लोक दुरून येत.

सुरुवातीला मी खरेच कामाचा होतो. मोडक्या फ्रेमांचे फोटो काढून कारागिराकडे पाठवायचे, कोणाचा चष्मा तयार झाला ते कळवायचे, नवख्या गल्लीत रस्ता दाखवायचा. मालक सकाळी दुकान उघडले की मऊ फडके घेऊन आधी मला पुसत, मग गिऱ्हाइकांचे चष्मे. आम्ही दोघेही काचेचे, पण पहिला मान माझा. मी फुगून जायचो.

हळूहळू मालक मला काम नसतानाही उचलू लागले. चहा पिताना, जिन्यावर, केस विंचरतानासुद्धा. मी त्यांना बोलावत नव्हतो हं. छे, हे खोटे झाले. बोलावत होतो. टिंग करायचो, थरथरायचो, उगाच उजळायचो. त्यांची नजर दुसरीकडे गेली की माझ्या पोटात दुखायचे. मालकीणबाई दुकानाचा काउंटर सांभाळत. त्या एकदा म्हणाल्या, "अहो, एकदाचं सांगून टाका, लग्न माझ्याशी झालंय की त्याच्याशी? म्हणजे सवत कोण ते मला कळेल." मालक माझ्याकडे बघत "हं" म्हणाले. त्या "हं"ने माझी छाती केवढी फुलली म्हणून सांगू!

त्यांना एक मुलगी होती, नऊ वर्षांची. घरात तिला सगळे टिटवी म्हणत, कारण ती एकदा बोलू लागली की थांबायची नाही. शाळा सुटली की ती दुकानात यायची, उंच स्टुलावर चढून बसायची आणि दिवसभराचे सगळे पहिल्यापासून सांगायची. मला ती मुळीच आवडायची नाही. तिच्या बडबडीपायी मालकांचे डोळे माझ्यावरून उठायचे.

एका संध्याकाळी ती म्हणाली, "बाबा, फळा पुसट दिसतो." मालक म्हणाले, "हं." आठवड्याने तिने तेच सांगितले, तेव्हा मालक माझ्यावर बोट फिरवत म्हणाले, "बाईंना म्हणावं, जरा ठळक लिहा." तिसऱ्यांदा तिने सांगितले तेव्हा मी एका मांजराची गंमत दाखवत होतो. ते कपाटावरून धपकन टोपलीत पडत होते. मालक खो खो हसले. टिटवी स्टुलावरून उतरली आणि निघून गेली. मी मनात म्हटले, जिंकलो. मित्रांनो, एका मांजराच्या जोरावर मी एका मुलीला हरवले, आणि मला त्याचा अभिमान वाटला. असा मी.

त्यानंतर टिटवीची बडबड कमी झाली. ती स्टुलावर बसे, वही डोळ्यांजवळ धरून काही लिही, आणि घरी जाई. सगळे म्हणाले, पोरगी शहाणी झाली.

दोन महिन्यांनी तिच्या वर्गशिक्षिका दुकानात आल्या. त्यांच्या चष्म्याची काडी निखळली होती. मालक स्क्रू बसवत असताना त्यांनी सहज चौकशी केली, की मुलीच्या चष्म्याचे काय ठरले. मालकांना काही उलगडा होईना. तेव्हा बाई म्हणाल्या, "अहो, तिला दोन महिने मी पहिल्या बाकावर बसवतेय. तरी शेजारणीच्या वहीतूनच उतरवून घेते. मला वाटलं, तुमचं स्वतःचंच दुकान, तुम्ही बघितलं असेल. तिने सांगितलं नाही तुम्हाला?"

"नाही हो. मला काही बोलली नाही," मालक म्हणाले.

स्टुलावरून हळू आवाज आला. "तीनदा सांगितलं."

ती रडत नव्हती, रागावलेलीही नव्हती. पाढा म्हणावा तसे तिने सांगितले. बाई खाली बघू लागल्या. दिव्याखाली अंधार म्हणतात तो कसा असतो, ते मी त्या दिवशी काउंटरवर पडल्या पडल्या पाहिले. साऱ्या गावाच्या डोळ्यांचे नंबर काढणारा माणूस, आणि त्याच्याच पोरीला फळा दिसत नव्हता.

मालकांनी लगेच तिला तक्त्यासमोर बसवले. वरचे थोरले अक्षर तिने वाचले, खालच्या दोन ओळी अडखळत वाचल्या, पुढे गप्प. दोन्ही डोळ्यांना पावणेदोनचा नंबर निघाला. काचा घासताना मालकांचा हात कधी चुकत नसे, त्या दिवशी त्यांना एक काच दोनदा करावी लागली. मी तेवढ्यात टिंग केले. त्यांनी माझ्याकडे पाहिले ते असे, की मी पुन्हा आवाज काढला नाही.

दुसऱ्या दिवशी ते कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडून एक बटणांचा फोन घेऊन आले. माझ्या पोटातले कार्ड काढून त्यांनी त्याच्या पोटात घातले, मला बंद केले आणि मोडक्या फ्रेमांच्या खणात ठेवले. "एक महिना बघू," असे ते मालकीणबाईंना म्हणाले. त्या म्हणाल्या, "चार दिवस टिकलात तरी पुष्कळ."

आता तुम्ही विचाराल, बंद फोनला ऐकू कसे येते? या गोष्टीत येते असे धरून चला. शिवाय तो खण नीट लागत नसे, एक फट राहायची. त्या फटीतून मी माझी सवत पाहिली. रूप ना रंग! साबणाच्या वडीएवढे अंग, वापरून गोल झालेल्या वडीसारखे. तोंड टपाल तिकिटाएवढे, त्यावर करड्या रंगाची अक्षरे. गाणे नाही, चित्र नाही. डोक्यावर एक बारका दिवा, त्याचीच काय ती मिजास. आणि तो मालकांच्या खिशात, माझ्या खिशात! माझा नुसता जळफळाट झाला.

पहिला आठवडा मला आशा होती. मालक रिकामा खिसा चाचपत. सवयीने त्या वडीच्या तोंडावर बोट ओढत आणि काहीच हलले नाही की ओशाळत. मालकीणबाई हसून म्हणत, "अंघोळ घालताय का त्याला?" कारागिराला दोन ओळींचा निरोप पाठवायला त्यांना पाऊण तास लागला. एकदा ते एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाचा चष्मा पोचवायला गेले आणि रस्ता चुकले. मी खणात आनंदाने वाट बघत बसलो, म्हटले आता येणार, तावातावाने खण उघडणार. पण ते हसत परतले. रस्ता विचारायला ते एका इस्त्रीवाल्याकडे थांबले होते, तर त्याच्या डोळ्यांवर यांनीच बारा वर्षांपूर्वी बनवलेला चष्मा. दोघांनी तिथेच बसून गप्पा मारल्या, आणि मालकांनी त्याच्या सैल काड्या घट्ट करून दिल्या. मी हिरमुसलो.

मग एका संध्याकाळी काउंटर पुसताना मालकीणबाईंनी त्या वडीला माझ्याच खणात ठेवले. मी तिला सोडतो थोडाच! फटकारून विचारले, दिवसातून किती वेळा घेतात तुला हातात? माझा आकडा दोनशेच्या पुढे होता, तो मी तोंडावर फेकायला तयार ठेवला होता.

तो बटणांचा फोन भाबडेपणाने म्हणाला, "आज? दोनदा. एकदा वाजलो म्हणून, एकदा पडलो म्हणून."

मित्रांनो, माझा आकडा तसाच राहिला. इतके दिवस मी ज्याच्यावर जळत होतो, त्याच्या वाट्याला काहीच आले नव्हते. मग माझ्या वाटणीची ती सगळी नजर गेली कुठे? मी फटीतून नीट पाहू लागलो. ती स्टुलाकडे गेली होती. जांभळ्या फ्रेमचा चष्मा लावून टिटवी तिथे बसली होती, पाय हलवत पुन्हा पहिल्यापासून सांगत होती, आणि मालक हनुवटीला हात लावून तिच्याकडे बघत होते. तसे तर ते कधी माझ्याकडेही बघत नसत. मला फक्त चाळत. हे कळले तेव्हा मी आणखीच जळलो.

महिना सरला. नेमके त्याच दिवशी कारागिराला एका किचकट फ्रेमचे फोटो हवे होते. मालकांनी मला खणातून काढले, चार्जिंगला लावले, कार्ड बसवले. मी उजळलो आणि महिनाभराचे तुंबलेले निरोप कोसळू लागले. टिंग, टिंग, टिंग! मी नाचत होतो. मालकांनी फोटो काढला, पाठवला, आणि मग त्यांचे बोट थांबेना. एक निरोप, दुसरा, तिसरा. मी जिंकलो होतो.

टिटवी समोरच बसली होती. त्या दिवशी तिने मैत्रिणींशी पैज लावून शेवटच्या बाकावरून सगळा फळा वाचून दाखवला होता, आणि तेच ती सांगत होती. मी तिच्याकडे पाहिले. तिच्या चष्म्याच्या दोन्ही काचांत मीच दिसत होतो, दोन निळे, चकचकीत चौकोन. तिचे डोळे कुठे दिसतच नव्हते. मला वाटले, किती सुंदर दिसतो मी!

ती वाक्याच्या मध्येच थांबली. तिने चष्मा काढला, काड्या मिटल्या आणि डबीत ठेवला.

"का गं? बोल ना, ऐकतोय मी," मालक म्हणाले.

"ऐकतोयस तू. बघत नाहीस," ती म्हणाली. "राहू दे. नंतर सांगते."

मी मघाशी झाकून टाकलेले डोळे आता उघडे होते. त्यांत पाणी नव्हते, रागही नव्हता. पण त्यांनी आता काही मागायचे सोडून दिले होते. त्या डोळ्यांत 'नंतर' नव्हते, मित्रांनो. दोन महिन्यांपूर्वीची गप्प मुलगी परत यायला निघाली होती, आणि तिला बोलावणारा मी होतो. इतक्या वर्षांत मला पहिल्यांदा वाटले, विझावे.

मालकांनी बटण दाबून मला विझवले, काउंटरवर पालथे ठेवले आणि स्टूल ओढून तिच्यासमोर बसले. डबीतला चष्मा काढून, फडक्याने पुसून त्यांनी तिच्या हातात दिला.

"चुकलं माझं. पहिल्यापासून सांग. कितव्या बाकावर होतीस?"

तिने चष्मा लावला, बापाचे तोंड नीट न्याहाळले, आणि मग म्हणाली, "शेवटच्या. खिडकीकडून दुसऱ्या." पुढे पाऊण तास तिचे तोंड थांबले नाही. मी पालथा पडून ऐकत होतो. बाकांचा खडखडाट, मैत्रिणींचा आरडाओरडा, फळ्यावरचा अख्खा भूगोल. गोष्ट चांगली होती. मी ती पूर्वी कधी ऐकलीच नव्हती.

त्याच रात्री जेवताना मालकांनी मालकीणबाईंना ठरवून सांगितले, की घरी बटणांचाच फोन यायचा. मी दुकानात राहतो, दुपारी तासभर फ्रेमांचे फोटो काढतो, कारागिराशी बोलतो, आणि काम संपले की विझतो. माझी बॅटरीसुद्धा आता संध्याकाळपर्यंत पुरते. खोटे कशाला बोलू, दुकान बंद करताना मालक त्या वडीला खिशात टाकतात तेव्हा अजूनही मला चटका बसतो. जळका तो जळकाच. पण पलीकडून टिटवीची बडबड ऐकू येते, आणि तिच्यावर जळणे मी सोडून दिले आहे.

म्हणून तुमच्याकडे एकच मागणे आहे. आम्हाला पुसा, जपा, कामाला घ्या, आम्ही जीव तोडून राबू. पण तुमच्यासमोर कोणी बोलत असेल, मग ते धाकटे भावंड असो की तीच गोष्ट दहाव्यांदा सांगणारे आजोबा, तेव्हा आम्हाला खुशाल पालथे घाला. आम्ही रुसू, थरथरू, टिंग टिंग करू. करू द्या. विझलेला फोन बटण दाबले की उजळतो. गप्प झालेल्या माणसाला मात्र कुठेही बटण नसते. त्याच्यासमोर स्टूल ओढून बसावे लागते.