एक माप सैल

साबणाचा फेस मनगटापर्यंत आला आणि तिथेच अडला, कारण तिथून हिरव्या बांगड्या सुरू होत होत्या — काचेच्या, एक माप सैल, कासाराला मुद्दाम सांगून भरलेल्या... कासार म्हणाला होता, नर्सबाई, या निसटतील हो. आणि रंजना म्हणाली होती, निसटू देत. म्हणाली खरी! पण धुळ्याचा तो त्रेसष्ट सालचा उजळणी वर्ग करून आल्याला अख्खा पावसाळा उलटला, प्रकाशा गावच्या दवाखान्यात कितीतरी बाळंतपणं झाली, आणि दर वेळी ती बांगड्या कोपराकडे ढकलायची, वर बँडेज गुंडाळायची, आणि मनातल्या मनात त्या काचेच्या बशीकडे पाठ फिरवायची.

ती बशी म्हणजे, बरं का, वर्गातल्या सिस्टरने प्रत्येकीचा बांगड्यांचा हात बशीतल्या जेलीसारख्या थरावर टेकवायला लावला, झाकण घालून ठेवलं, आणि दोन-तीन दिवसांनी रंजनाच्या बशीत पिवळट ठिपके उगवलेले, अगदी रांगोळीसारखे गोल... सगळ्या हसल्या, तीही हसली, आणि सिस्टर शांतपणे म्हणाली, हाच बाळंतिणीचा ताप. हसू तोंडातच राहिलं.

आज तर पुण्याची बाई आलेली. वर्गात शिकवलेलं नर्सांच्या हातात किती उरतं, हे ती गावोगाव हिंडून बघत होती. आत्ता कोपऱ्यात स्टुलावर बसली होती, चांगली हसरी, तिची भीती नव्हतीच. भीती होती तापीबाईची. खाटेवर तापीबाईची सून कण्हत होती, पहिलटकरीण, आणि म्हातारी उशाशी बसून तिच्या कपाळावरून हात फिरवत होती. त्यांच्या घरात शुभकार्याला रित्या मनगटाची बाई पुढे येत नाही — आणि तिने सुनेला उठवून घरी नेलं तर? तिथे अंधारी खोली आणि न उकळलेला विळा... आणि नाही काढल्या बांगड्या, तर ती बशी.

"ही कोन वं?" तापीबाईने हनुवटीने स्टूल दाखवलं.

"मी शिकेल शे का नही, ते देखाले उनी, माय."

"ले. कळा मन्ही सूनले, नि परीक्षा तुन्ही."

कळ येत असतानाही सून फिसकन हसली, आणि त्या हसण्याने रंजनाला एकदम तिचे यजमान हिंमतराव आठवले. सकाळी भाकर वाढताना तिने भीतभीत विचारलं होतं, बांगड्या काढू का हो कामापुरत्या, आणि ते म्हणाले होते, "मी जित्ता शे ना? मंग काढ, बस," आणि चटणी मागितली होती. एवढंच. तिने बोटं जुळवली, फेस वर ओढला, आणि बांगड्या सुळकन ट्रेमध्ये उतरल्या.

तापीबाईचा हात कपाळावर थांबला. "हिंमतराव बरा शे ना?"

"बरा शे, माय. शाळाम्हा गया."

"मंग हाई काय?"

वर्गातले शब्द, शुद्ध, पाठ केलेले, सगळे ओठांशी आले आणि एकही बाहेर पडेना. "बांगड्यासमा घान ऱ्हास," ती म्हणाली, "तुन्ही सूनले ताप नको."

म्हातारी उठली, ट्रेमधल्या बांगड्या पुसून पदराला बांधल्या. "मन्हाजोडे ऱ्हावू दे. चाल, हात लाव."

बाळ झालं, रडलं, मुलगी, तापीबाईसारखंच रुंद कपाळ.

"मग वर्गामुळे फरक पडला, असं लिहू ना?" पुण्याच्या बाईने हळूच विचारलं, आणि रंजनाच्या मनात आलं, वर्ग होता, बशी होती, पण ती चटणी, तो पदर, ते कुठे लिहिणार ही?

"ले, घाल आते," तापीबाई पदर सोडत होती.

"घालस, माय." म्हणाली, पण हात पुढे गेला नाही. मनगटावर ऊन न लागलेली कातडी दिसत होती, कुणा दुसरीची, लहान मुलीची असावी तशी — आणि ती त्या रित्या मनगटाकडे बघत, आता वाईट वाटेल, आता वाटेल, अशी वाट पाहत बसली.