तळ्यावरच्या विजेचा आकडा

दुपारी दोननंतर सरकारी कचेरीतल्या माहिती खिडकीमागच्या खोलीत पाणी शिरायचं. खरं पाणी नव्हे. समोरच्या तळ्यावर तरंगणारे सौर पॅनेल ऊन असं काही परतवायचे, की छतावर, कपाटांवर, फायलींच्या पाठींवर लाटा हलायच्या. खिडकीवरच्या बाईला वाटायचं, आपण तळाशी बसलोय आणि डोक्यावरून कुणीतरी सावकाश चालत जातंय. सहा वर्षं ती या खुर्चीत कंत्राटावर होती. येत्या सोमवारी तिला कायम करणार होते.

आणि नेमका आता तिच्या टेबलावर तिच्याच बाबांचा अर्ज येऊन पडला होता. तळ्यावरच्या प्रकल्पाला लोकांचे किती पैसे लागले, एवढंच विचारलं होतं त्यांनी. घरचा आहेर म्हणतात तो हाच!

साहेबांनी नकाराचं पत्र तयारच ठेवलं होतं. ‘व्यापारी गोपनीयता’ हे शब्द त्यात तीनदा होते.

“सही करून टाका. झाकली मूठ सव्वा लाखाची,” ते म्हणाले. दारातून वळून म्हणाले, “सोमवार लक्षात आहे ना?”

लक्षात नसायला काय झालं? त्या सोमवारच्या भरवशावर तिनं लेकीची शाळा बदलली होती.

तिनं पेनाचं टोपण काढलं, तोच बाबा रांगेतून पुढे आले. चेहरा अगदी साळसूद.

“मॅडम, माझ्या अर्जाचं काय झालं?”

“बाबा, तुम्हाला दुसरा उद्योग नाही का हो?” ती कुजबुजली.

“होता की. तीस वर्षं घरोघरी मीटर वाचले. आधी काच पुसायची, घरातल्या माणसाला बोलवायचं, त्यानं आकडा बघितला की मगच वहीत लिहायचा. शिव्या खाल्ल्या, पण न दाखवता लिहिला नाही कधी. आता तळ्याचं मीटर कोण दाखवणार?”

छतावरच्या लाटा मंद झाल्या. लहानपणी त्यांच्याबरोबर पाहिलेले जिन्याखालचे ते अंधारे मीटर तिला दिसले, आणि बाबांच्या खिशातलं मळकं फडकं. नकारावर सही होईपर्यंत अर्जदाराला फाइल खिडकीत पाहता येते, असा नियम होता. तो कुणी वापरत नसे, कारण तो कुणी सांगतच नसे. तिनं पेन ठेवलं आणि फाइल उघडून बाबांकडे फिरवली.

बाबांनी चष्मा चढवला. पण नजर फायलीवर जाण्याआधी तिच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर अडली. ‘कंत्राटी’. त्यांनी हळूच फाइल मिटली.

“राहू दे, बाळ. अर्ज मागे घेतो मी. सोमवार आहे तुझा.”

आकड्यावरून नजर वळवलेले बाबा तिनं जन्मात पाहिले नव्हते. माझ्यापायी यांनी घाबरायचं? तिनं फाइल पुन्हा उघडली, उभी राहिली आणि रांगेतल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं, “जाहीर केलेला खर्च एकशे नव्वद कोटी. प्रत्यक्ष झालेला चारशे अठरा कोटी.”

आतल्या खोलीत खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि साहेबांचं दार उघडलं.

“जरा परत सांगता का?” रांगेतली एक म्हातारी पिशवीत पेन शोधत म्हणाली. “लिहून घेते.”

तिनं परत वाचलं, या खेपेला सावकाश.