कमळामावशीवर लावलेला कॅमेरा

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. लग्नात मिरवणारा नव्हे, तर कपाटावर बसून झोपलेल्या बाळावर नजर ठेवणारा. तुमच्या मुठीत मावेन एवढाच. कुठल्याशा दूरच्या कारखान्यात मला डोळा आणि कान बसवले गेले, आणि कुरियरच्या खोक्यातून मी रत्नागिरीत, नाचणे रस्त्यावरच्या एका फ्लॅटमध्ये येऊन पोचलो. त्या घरातलं बाळ तेव्हा चार दिवसांचं होतं.

बाळाच्या आईचं नाव उमा. तिला टाके पडले होते. तिची आई वारलेली, सासूही नव्हती. नवरा सलिल जयगडच्या बंदरावर नोकरीला, त्याला पहाटेच निघावं लागे. म्हणून जवळच्या भाट्ये गावची कमळामावशी रात्री नऊला यायची आणि सकाळ होईपर्यंत बाळंतिणीजवळ राहायची. तीस वर्षं ती हेच काम करत होती.

मला पाठवलं होतं सलिलच्या बहिणीने, सावनीने. ती पुण्याला असते. "परकी बाई रात्रभर घरात असणार, लक्ष नको?" असं ती फोनवर म्हणाली होती. मी दाखवीन ते तिच्याही मोबाइलवर दिसायचं.

पहिल्याच रात्री कमळामावशीने माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "ह्यो कसला दिवा हो?"

"रेंज वाढवायचं यंत्र आहे," सलिल म्हणाला.

उमाला खरं माहीत होतं. तिने बाळाचं दुपटं नीट केलं.

मित्रांनो, दहा रात्री मी त्या बाईला पाहिलं. ती बाळाला दूध पाजायला उमाच्या कुशीत द्यायची, मग खांद्यावर घेऊन ढेकर काढायची. लंगोट बदलताना आधी स्वतःचे हात एकमेकांवर चोळून ऊन करायची. एका रात्री उमा उगाचच रडायला लागली, थांबेचना. कमळामावशी तिच्या पायथ्याशी बसली आणि तळपाय चोळत म्हणाली, "रड गो बाय, रड. बाळंतिणीचं असंच व्हतं. मग वायच पड. मी हाय ना." त्या रात्री उमा पहिल्यांदा सलग चार तास झोपली.

घरात कौतुक मात्र माझं होत होतं. "अंधारातही काय स्पष्ट दिसतं!" असं सावनी म्हणायची. मला ते आवडायचं. खोटं कशाला सांगू?

अकराव्या रात्री दूध पाजून उमा झोपली, दिवा अजून लागलेला होता, आणि बाळाने एकदम अंग ताठ केलं. दूध नाकातोंडातून उलटून आलं आणि श्वास अडकला. ओठ निळे पडले. उमा गाढ झोपेत होती, सलिल दुसऱ्या खोलीत. कमळामावशीने एका झेपेत बाळाला उचललं, आपल्या हातावर पालथं घातलं, डोकं खाली धरलं आणि तळहाताने पाठीवर दणके दिले. पाचव्या दणक्याला बाळ रडलं. तिने त्याला छातीशी धरलं. उजाडेपर्यंत तिने त्याला खाली ठेवलं नाही.

निघताना ती उमाला म्हणाली, "रातचं दूध श्वासात अडकलं व्हतं. पाठीत मारून काढलं मी. आजच डॉक्टरला दाखव हां."

उमाने मान हलवली.

पण खोलीत मोठी हालचाल झाली की मी दहा सेकंदांचा एक तुकडा आपोआप पाठवतो. त्याला आवाज नसतो. त्या रात्रीचा तुकडा सुरू झाला तो पहिल्या दणक्यापासून, आणि बाळ रडायच्या आतच संपला. सावनीने तो सकाळी पाहिला आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'रात्रीची बाई तान्ह्या बाळाला मारते. सावध राहा.' दुपारपर्यंत तो अख्ख्या रत्नागिरीत फिरला.

रात्री नऊला बेल वाजली. दार मला दिसत नाही, पण ऐकू सगळं येतं.

"आत यायचं नाही," सलिल म्हणाला. "मारता बाळाला?"

"देवा! श्वास अडकला व्हता हो त्याचा! उमाला इचारा. सकाळीच सांगितलंय मी."

उमा माझ्यासमोर पलंगावर बसली होती. तिच्या हातातल्या मोबाइलवर सावनी होती. "वहिनी, तू तेव्हा जागी होतीस ना?" सावनीने विचारलं.

बाळ गुदमरलं आणि आपण झोपलो होतो, हे उमाला सांगवेना.

"मला काही सांगितलं नाही तिने," ती म्हणाली.

दार बंद झालं.

त्या रात्रीचं पूर्ण चित्रण माझ्या पोटातल्या कार्डात होतं. दोन दिवसांनी उमाने ते लॅपटॉपवर लावलं. निळे ओठ पाहिले आणि तोंडावर पदर दाबून ती रडली. सलिल घरी आल्यावर तिने त्यालाही दाखवलं. त्याने ते दोनदा पाहिलं.

"आता काय उपयोग?" शेवटी तो म्हणाला. "सगळीकडे पोचलंय. आपणच खोटे ठरू. सावनीचं नाव खराब होईल." आणि त्याने कार्ड पुसून टाकलं. उमाने त्याचा हात धरला नाही.

पुढच्या आठवड्यात सानिका नावाची दुसरी मुलगी रात्रीला येऊ लागली. हे तेच घर आहे, हे तिला ठाऊक नव्हतं. ती उमाला म्हणाली, "ताई, मी त्या भाट्याच्या कमळासारखी नाही हां. तिला आता कोणी दारात उभं करत नाही. तिची सून राजश्री परवा बाळंत झाली. म्हातारीने नातवाला घ्यायला हात पुढे केले, तर सून म्हणाली, आई, तुम्ही लांबच बसा."

उमाच्या हातातली दुपटी तशीच राहिली. थोड्या वेळाने ती पुन्हा घड्या घालू लागली.

मित्रांनो, आता मी एका खणात पडून आहे. माझी एकच विनंती आहे. तुमच्या घरात कोणी तुमच्यासाठी रात्र जागवत असेल, तर तिच्यावर माझ्यासारखा डोळा लावण्याआधी तिला तसं सांगा. आणि तिने जीव वाचवला असेल, तर ते चार माणसांत मोठ्याने बोला. त्या रात्री मी सगळं पाहिलं होतं, पण मला तोंड नाही. उमाला होतं.